मधाचा अहवाल आणि डब्याचा डाग

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. आम्ही वाई तालुक्यातले शेतकरी. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने सातेरी माश्यांच्या आठ पेट्या घेतल्या, आज बावीस झाल्यात. शेत पुणे-बंगळूर महामार्गापासून पाऊण किलोमीटर आत आहे. यंदा एका व्यापाऱ्याने साठ किलो मध घ्यायचं ठरवलं, पण आधी जड धातूंचा अहवाल मागितला. मुलाने खासगी प्रयोगशाळेत नमुना दिला. अहवालात आर्सेनिक, कॅडमियम आणि पारा यांच्यापुढे ‘बीएलक्यू’ असं लिहिलंय आणि शिशापुढे ‘०.१८ मिग्रॅ/किग्रॅ’. व्यापारी म्हणाला, युरोपात हा मध चालणार नाही, आणि माल नाकारला. प्रयोगशाळेतले म्हणतात, भारतात चालतो. मुलगा दोन दिवस धड जेवला नाही. माझ्या सहा वर्षांच्या नातीला मी हाच मध रोज चमचाभर देते. आम्ही विष विकतोय का? पेट्या महामार्गापासून लांब हलवू का?
— एक वाचक, वाई तालुका, जि. सातारा

उत्तर : ताई, तुमच्या पत्राचं उत्तर छापायला दोन महिने लागले. उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते तुमच्या घरात होतं आणि ते शोधायला फोन, नमुने आणि एक पत्र्याची कात्री लागली. हे सगळं छापायला तुम्ही आनंदाने परवानगी दिलीत, त्याबद्दल आभार. पहिल्या फोनवर सांगितलं होतं तेच इथेही आधी लिहिते : आकडा कुठून आला हे कळेपर्यंत नातीचा चमचा बंद. बाकी कशाचीही घाई नको.

आता तो ०.१८. किलोभर मधात एका मिलिग्रॅमच्या पाचव्या हिश्शापेक्षाही थोडं कमी शिसं, एवढाच त्याचा अर्थ. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१६ पासून मधातल्या शिशाची कमाल मर्यादा किलोमागे ०.१० मिलिग्रॅम ठेवली आहे. आपल्या २०११ च्या नियमांत ज्या पदार्थांचा वेगळा उल्लेख नाही अशांसाठी एक सरसकट आकडा आहे, २.५. म्हणजे पंचवीस पट फरक. व्यापारी खोटं बोलला नाही आणि प्रयोगशाळेतलेही नाहीत. पण २.५ हा आकडा मधाचा अभ्यास करून ठरवलेला नाही, तो ‘बाकी सगळं’ या टोपलीचा आकडा आहे. युरोपचा आकडा ‘नीट काढलेल्या आणि नीट साठवलेल्या मधात याहून जास्त शिसं असायचं कारण नाही’ या हिशेबाचा आहे. मला दुसरा हिशेब पटतो.

कारण शिशाची सुरक्षित अशी पातळी कोणालाही सापडलेली नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने आठवड्याला इतकं शिसं चालेल असा एक आकडा पूर्वी दिला होता. तो त्यांनी २०१० मध्ये मागे घेतला आणि त्याजागी नवा दिला नाही. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने कामापुरता एक आकडा ठेवला आहे : लहान मुलाच्या पोटात सगळ्या अन्नातून मिळून दिवसाला २.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं जाऊ नये. चहाचा एक चमचा मध साधारण ७ ग्रॅम भरतो. ०.१८ ने गुणलं तर होतात सव्वा मायक्रोग्रॅम. एकट्या मधातून निम्म्याहून जास्त वाटा गेला. भाकरी, भाजी, पाणी अजून बाकीच आहे. विष हा शब्द मी वापरणार नाही. पण सहा वर्षांच्या पोरीला हा मध रोज द्यावा असंही म्हणणार नाही. मनाची खात्री हवी असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, साधी रक्ततपासणीच असते.

‘बीएलक्यू’वर सगळे निर्धास्त होतात, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. यंत्र ज्या प्रमाणाच्या खाली खात्रीने मोजू शकत नाही, त्याच्या खाली आकडा आहे, एवढंच ते सांगतं. ते प्रमाण किती हे अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. एका प्रयोगशाळेची खालची हद्द ०.०१ असते, दुसरीची ०.२५. दुसरीकडे दिला असता तर तुमच्या याच मधावर शिशापुढेही ‘बीएलक्यू’ आलं असतं, व्यापाऱ्याने माल उचलला असता आणि नातीचा चमचा चालू राहिला असता. नमुना देताना पैशाच्या आधी विचारायचा प्रश्न हा : शिसं कितीपर्यंत खाली मोजता? ०.०१ किंवा ०.०२ असं उत्तर आलं तरच नमुना द्यावा. जुन्या ज्योतीच्या यंत्रावर हे जमत नाही. ग्रॅफाइट भट्टीचं यंत्र लागतं, नाहीतर ‘आयसीपी-एमएस’, म्हणजे अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणारं यंत्र.

महामार्गाची शंका साहजिक आहे, मलाही प्रथम तीच आली. माशी फुलावर बसते, फुलावर धूळ असते, धुळीत धातू असतो. शिशाचं पेट्रोल आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालं, पण शिसं कुजत नाही. रस्त्याकडेच्या मातीत ते पडलेलंच असतं. तरीही एवढा आकडा रस्त्यावरून येईल हे मला पटेना, आणि त्याला कारण पॅरिस.

१५ एप्रिल २०१९ ला तिथल्या नोत्र-दाम कॅथेड्रलचं छप्पर जळालं. छपरावर आणि मनोऱ्यावर शेकडो टन शिशाचा पत्रा होता. तीन महिन्यांनी शहरातल्या पेट्यांमधून मध घेऊन कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात तपासला गेला. आगीचा धूर ज्या बाजूला गेला, तिकडच्या मधात शिसं स्पष्ट वाढलेलं होतं. पण सगळ्यात वरचा आकडा किती होता? ०.०८. म्हणजे युरोपच्या मर्यादेच्या आतच. शिशाचं आख्खं छप्पर जळून ०.०८ येत असेल, तर पाऊण किलोमीटरवरचा रस्ता ०.१८ कसा देईल? माशी रस पोटातल्या मधाच्या पिशवीतून आणते, आणि या प्रवासात धातू बराचसा तिच्या अंगात, परागात, मेणात आणि राळेत राहतो. मधात उतरतो तो थोडा. जवळपास जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी भट्टी असती तर मी वेगळा विचार केला असता. तुम्ही सांगितलंत, तसं काही नाही. मग माशीला आणि रस्त्याला बाजूला ठेवून मी फोनवर भांड्यांची चौकशी सुरू केली.

तुम्हाला आठवत असेल, चौथ्या-पाचव्या प्रश्नाला तुम्ही सहज बोलून गेलात, ‘एक डबा खालून गळत होता, मालकांनी बाजारातून डाग लावून आणला.’ डाग लावणं म्हणजे धातूचं मिश्रण वितळवून भोक बुजवणं. मी हातातलं पेन खाली ठेवलं.

मध आंबट असतो हे गोडीमुळे लक्षात येत नाही. त्याचा सामू, म्हणजे आम्लपणाचा आकडा (पीएच), ४ च्या आसपास असतो. माश्यांच्या लाळेतलं विकर ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल करतं, त्यामुळे. शेतकऱ्याला सामू सांगावा लागत नाही : ४ सामूच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला तर तो गंजून खाल्ला जातो हे तुम्ही जाणता. आणि डाग लावायचं मिश्रण म्हणजे कथील आणि शिसं, बाजारातल्या साध्या मिश्रणात बऱ्याचदा जवळपास निम्मं निम्मं. त्यावर पाच महिने मध उभा राहिला.

पण संशयावर मी कोणाचा डबा फेकायला सांगत नाही. म्हणून तीन नमुने मागवले. एक, पेटीतल्या सीलबंद पोळ्याचा तुकडा, प्लॅस्टिकच्या सुरीने कापून थेट बाटलीत. दोन, त्याच पेटीचा मध, पण मधयंत्रातून फिरवून काढलेला. तीन, डाग लावलेल्या डब्यातला. बाटल्या इथूनच पाठवल्या, आम्लात भिजवून धुतलेल्या. तुमच्या मुलाने प्रत्येकीवर तारीख, वेळ आणि पेटीचा क्रमांक इतक्या नीट अक्षरात लिहिला होता की तपासणाऱ्या मुलीने मुद्दाम सांगितलं. एकतीस वर्षं मी अन्नतपासणीत काढली, असे नमुने क्वचित येतात.

पुढे काय होतं ते तुमच्या मुलाला कळायला हवं, कारण त्याने पैसे भरलेत. मध कोमट पाण्यात ठेवून ढवळतात, म्हणजे वरचा-खालचा एकसारखा होतो. त्यातला अर्धा ग्रॅम टेफ्लॉनच्या भांड्यात घेतात आणि वर पाच मिलिलिटर अतिशुद्ध नायट्रिक आम्ल. इथे घाई चालत नाही. मध म्हणजे साखर. आम्ल पडलं की तांबूस वाफा निघतात, फेस चढतो. लगेच झाकण लावून तापवलं तर दाबाने भांडं उडतं. म्हणून रात्रभर धुराड्याखाली सैल झाकून ठेवतात. सकाळी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून मायक्रोवेव्ह भट्टीत १८० ते २०० अंशांवर नेतात. निघतं ते पाण्यासारखं नितळ. सोनेरी रंग, वास, चिकटपणा, सगळं गेलेलं. उरतात ते धातू. ते २५ मिलिलिटर करून आर्गॉन वायूच्या हजारो अंशांच्या ज्योतीत फवारतात आणि यंत्र एकेक अणू वजनाप्रमाणे वेगळा करून मोजतं. शिशाचे २०६, २०७ आणि २०८ वजनाचे अणू एकत्र मोजतात.

यात खोटा आकडा यायला फार जागा आहेत, म्हणून दर वेळी मधाशिवायची एक कोरी बाटली त्याच सगळ्या पायऱ्यांतून काढतात. नोकरीच्या पहिल्या वर्षात माझ्या कोऱ्या बाटलीत शिसं येऊ लागलं. आम्ल बदललं, पाणी बदललं, भांडी तीनदा धुतली. दोन आठवड्यांनी दुपारच्या उन्हात टेबलावर पांढरी पूड चमकताना दिसली. वरच्या खिडकीच्या चौकटीचा जुना रंग सुटत होता. त्या रंगात शिसं होतं. तोपर्यंत त्या टेबलावरून गेलेले सगळे अहवाल आम्ही परत काढले. म्हणून सांगते, कोऱ्या बाटलीचा आकडा आणि मुद्दाम मोजून घातलेलं शिसं किती परत सापडलं याचा आकडा, हे दोन्ही प्रयोगशाळेकडे मागायला संकोच करू नका. चांगली प्रयोगशाळा लगेच दाखवते.

तुमचे तीन आकडे आले. पोळ्यातल्या मधात ०.०१ च्या खाली. मधयंत्रातून काढलेल्यात ०.०४. डब्यातल्यात ०.२१. शिवाय मी कथील आणि जस्तही मोजायला सांगितलं होतं. पोळ्यातल्या मधात कथील जवळजवळ नाही, डब्यातल्या मधात ते शिशाच्या जोडीने वर गेलेलं. मधयंत्रातून काढलेल्या मधात जस्त वाढलेलं. डागाने शिसं आणि कथील दिलं, मधयंत्राच्या जस्ती पत्र्याने जस्त दिलं. साक्षीदार जोडीने आले.

मग तुमच्या मालकांनी डबा रिकामा करून तळ कापला आणि फोटो पाठवला. बोटभर रुंदीचा राखाडी पट्टा. बाहेरच्या अंगाला अजून चकचकीत, आतल्या अंगाला मंद, खरखरीत, मधोमध नखाएवढा भाग पार खाल्लेला. ते खाल्लेलं कुठे गेलं हे आता आपल्याला माहीत आहे. मालकांना बोल लावू नका. गळता डबा डाग लावून वापरायचा, हे आपण पिढ्यानपिढ्या करत आलो आहोत.

आता काय करायचं. पेट्या हलवू नका. माश्यांचं काही चुकलेलं नाही, तुमच्या जांभळाचं, करंजाचं आणि शेवग्याचंही नाही. साठ किलोपैकी डाग लावलेल्या डब्यात बावीस किलो होता आणि पहिला नमुना नेमका त्यातूनच गेला, कारण तो पुढे ठेवलेला होता. बाकीचा अन्नाच्या दर्जाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात आहे. त्याचा वेगळा नमुना तपासा आणि तो अहवाल, आधीच्या अहवालासकट, व्यापाऱ्यापुढे ठेवा. लपवू नका. कारण शोधून काढलेला मधपाळ व्यापाऱ्याला हवाच असतो.

बावीस किलोचं काय, हे विचारताना तुमचा आवाज बसला होता. कायद्याने तो भारतात विकता येतो. मी विकू नका म्हणते. माश्यांना पावसाळी खाद्य म्हणूनही देऊ नका, तेच शिसं पेटीत जाईल. उघड्यावर ओतू नका, आजूबाजूच्या वसाहतींमधल्या माश्या तो लुटायला येतील. खोल खड्ड्यात घालून वर माती. एवढ्या मेहनतीच्या मधाबद्दल हे लिहिताना मलाही जड जातंय.

मधयंत्राबद्दल : ते तुम्ही जुनं विकत घेतलेलं, जस्ती पत्र्याचं, शिवणीवर झाळलेलं आहे. ०.०४ तिथूनच आलं असणार. पुढच्या हंगामापर्यंत ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचं मिळालं तर उत्तम. महाबळेश्वरच्या मध संचालनालयात किंवा पुण्यातल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत मुलाने प्रत्यक्ष जाऊन सध्याच्या योजनांची चौकशी करावी. तोपर्यंत जुन्या यंत्रात मध रात्रभर राहू देऊ नका. फिरवला की लगेच उतरवा आणि यंत्र धुऊन कोरडं करा.

---

प्रश्न : मी मध नेहमी पाण्याच्या ग्लासात थेंब टाकून आणि काडीला लावून पेटवून तपासतो. शुद्ध निघालेला मध आईच्या वेळच्या कल्हई केलेल्या पितळी डब्यात ठेवतो. धातूंबाबत निश्चिंत राहू ना?
— निवृत्त शिक्षक, बेळगाव

उत्तर : गुरुजी, नाही. थेंब तळाशी गेला याचा अर्थ मध दाट आहे. काडी पेटली याचा अर्थ त्यात पाणी कमी आहे. दाट साखरेचा पाकही या दोन्ही परीक्षा पास होतो. शिशाचा तर पाणी, आग, टिपकागद, अंगठा यांपैकी कशालाच पत्ता लागत नाही. कोटीत दोन भाग शिसं असलं तरी मधाचा रंग, वास, चव तीच. साखरेच्या भेसळीची मोठी तपासणीही वेगळी आणि धातूंची वेगळी. एकीत पास म्हणजे दुसरीत पास नव्हे.

डबा मात्र आजच रिकामा करा. कल्हई कथिलाची असते, पण स्वस्त कथिलात शिसं मिसळलेलं सापडतं, आणि कल्हई जिथे उडते तिथे मधाला थेट पितळ मिळतं, म्हणजे तांबं आणि जस्त. डब्याच्या आतल्या कडेला हिरवट रेघ दिसते का पाहा. दिसली तर त्या डब्यातला मध खाऊ नका. आईची आठवण म्हणून डब्यात गहू ठेवा. मधासाठी काचेची बरणी.

---

प्रश्न : माझं बाळ तीन महिन्यांचं आहे. सासूबाई गुटी मधातून चाटवतात. मधात शिसं असतं असं वाचलं आणि भीती वाटली. कुठला मध तपासून घेऊ?
— एक आई, नाशिक

उत्तर : बाळा, कुठलाही नको. शिशाचा प्रश्न इथे दुसरा येतो. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि तिथे विष तयार करतात. बाळ मलूल पडतं, मान टाकतं, दूध ओढत नाही. घरी मध गरम करून हे बीजाणू मरत नाहीत, आणि कुठल्याही शुद्धतेच्या शिक्क्याचा त्यांच्याशी संबंध नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नको. आधी दिलेल्या चाटणामुळे घाबरून जाऊ नका. पण वरचं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि मध दिला होता हे आठवणीने सांगा.

सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा बाळाच्या डॉक्टरांकडून सांगवा, त्यांना साथीला घेऊनच जा. त्यांनी मायेनेच दिलं आहे. आणि जाताना गुटीची पुडीही बरोबर न्या. त्यात कुणी दिलेलं भस्म किंवा नाव नसलेली पूड असेल तर ती वेगळी काढून ठेवा. मधाच्या चाटणाबरोबर पोटात गेलेल्या शिशाचं मूळ कित्येकदा त्या पुडीत सापडतं. पुडी फेकू नका, तपासायला तीच लागेल.